मेडिकलच्या काउंटरवर कोण उभं आहे?

घरात साठीच्या पुढचं माणूस असलं की बहुतेक वेळा डॉक्टर तीन असतात. मधुमेहाचे एक, गुडघ्याचे दुसरे, थायरॉइडचे तिसरे. दवाखाने वेगळे, फाइली वेगळ्या, चिठ्ठ्या वेगळ्या. पहिल्यांनी काय दिलंय हे दुसऱ्यांपर्यंत पोचतंच असं नाही. जुनी फाइल न्यायची राहून जाते, नेली तरी ओपीडीच्या गर्दीत ती उघडली जात नाही. या तिन्ही चिठ्ठ्या शेवटी एकाच जागी येतात, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. सगळी औषधं एकत्र पाहण्याची संधी असलेला प्रशिक्षित माणूस तिथे बसलेला असतो आणि आपण त्याला ‘किती टक्के सूट देता?’ यापलीकडे काही विचारत नाही.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टकडून लोकांनी हक्काने काम करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी तो कोण आहे, काय शिकलाय, काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे माहीत असायला हवं.

भिंतीवरचा कागद

दुकानात शिरलात की भिंतीकडे पाहा. औषधविक्रीचा परवाना दर्शनी भागात लावणं बंधनकारक असतं. त्याच्या शेजारी फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे ते महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं, गोव्यात गोवा राज्य फार्मसी कौन्सिलचं. १९४८च्या फार्मसी कायद्याचं ४२वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या १९४५च्या नियमांनुसारही अशी विक्री फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायला हवी. म्हणजे स्ट्रिपा काढून देणारा मुलगा मदतनीस असला तरी चालतं, पण फार्मासिस्ट दुकानात हजर हवा आणि चिठ्ठी त्याच्या नजरेखालून जायला हवी.

प्रत्यक्षात काही दुकानांत प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर भलताच कुणी, असं चालतं. प्रमाणपत्र महिन्याच्या ठरावीक रकमेवर ‘भाड्याने’ देण्याची ही पद्धत आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे. ती फक्त तपासणीने जाणार नाही. गिऱ्हाइकाने सहज आवाजात ‘फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांच्याशी बोलायचंय’ असं विचारायला लागावं, तेव्हा ती हलेल. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे फार्मासिस्टने पांढरा एप्रन घालायचा आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा असतो. तो दिसला नाही तर विचारायला संकोच करू नका.

कोण किती शिकलेलं असतं

मेडिकलमध्ये सर्वांत जास्त भेटतात ते डी. फार्म. झालेले. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा आणि मग किमान पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. औषध ओळखणं, साठवणं, चिठ्ठी वाचणं, कायदा, रुग्णाशी बोलणं हे सगळं त्यात येतं. बी. फार्म. चार वर्षांचं, त्यात औषधं तयार कशी होतात, त्यांची तपासणी कशी होते, शरीरात ती काय करतात यावर भर असतो, आणि ही मुलं बहुतेक कंपन्यांकडे वळतात. एम. फार्म.मध्ये ‘फार्मसी प्रॅक्टिस’ ही एक शाखा आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस महाविद्यालयांनी ती सुरू केली आणि रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून शिकणारे फार्मासिस्ट आपल्या देशात तिथून तयार होऊ लागले.

मग २००८ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्म. डी. हा अभ्यासक्रम आणला. सहा वर्षांचा: पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनला आणि उरलेले दोन-दोन महिने इतर विभागांत. बारावीनंतर किंवा डी. फार्म.नंतर तिथे प्रवेश मिळतो, बी. फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांचा वेगळा मार्ग आहे. या मुलांनी वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंड घेतलेले असतात, रुग्णांच्या केसपेपरवरून औषधांचे घोळ शोधलेले असतात, मूत्रपिंडाच्या रिपोर्टप्रमाणे डोस कसा बदलतो हे वहीवर मांडून पाहिलेलं असतं. क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात तो हा. काही जण नावाआधी ‘डॉ.’ लावतात. ही डॉक्टरकी औषधशास्त्रातली आहे. रोगाचं निदान करणं त्यांचं काम नाही.

फार्म. डी. झालेला माणूस गल्लीतल्या मेडिकलमध्ये अजून क्वचित दिसतो. बहुतेक जण मोठी रुग्णालयं, क्लिनिकल रिसर्च, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या कंपन्या किंवा थेट परदेश अशा वाटा धरतात. कारण साधं आहे: आपल्याकडे सल्ला दिल्याचे पैसे फार्मासिस्टला कुणीच देत नाही. त्याची कमाई स्ट्रिपवरच्या मार्जिनमधून येते. दहा मिनिटं खर्चून त्याने तुमची एक अनावश्यक गोळी डॉक्टरांकरवी बंद करवली तर दुकानाचं नुकसानच होतं. असं असूनही जे हे काम करतात, त्यांची किंमत ओळखा.

आणि एक सांगतो. पदवीवर फार अडून बसू नका. वीस वर्षं त्याच वस्तीत दुकान चालवणारी, घराघराचे आजार ठाऊक असलेली, शंका आली की डॉक्टरांना फोन लावणारी डी. फार्म. झालेली बाई मला मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या फार्म. डी.पेक्षा कितीतरी जास्त क्लिनिकल वाटते. चिठ्ठी हातात घेतल्यावर ती आधी चिठ्ठी वाचते की आधी कपाटाकडे वळते, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ कळतं.

हे काम आलं कुठून

१९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग झाला. औषधविभागातून फार्मासिस्टना थेट वॉर्डात आणून बसवलं. औषध काढून देणं एवढंच न करता ते प्रत्येक रुग्णाच्या औषधांचा विचार करू लागले. १९९०मध्ये हेपलर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी मांडलं की औषधाने रुग्णाला खरोखर गुण येतो का, याची जबाबदारी फार्मासिस्टनेही उचलली पाहिजे. वॉर्डातलं हे काम दुकानात उतरलं त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं अ‍ॅशव्हिल शहर. १९९६पासून तिथल्या नगरपालिकेने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना गावातल्या फार्मासिस्टशी जोडून दिलं आणि ठरावीक भेटींचे पैसे फार्मासिस्टना दिले. लोकांची साखर आटोक्यात येऊ लागली, आणि औषधांवरचा खर्च धरूनसुद्धा उपचारांचा एकूण खर्च खाली आला.

आपल्याकडेही याची बीजं आहेत. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या पुढाकाराने मुंबई परिसरातले औषधदुकानदार क्षयरोगाच्या कामाशी जोडले गेले: संशयित रुग्णाला तपासणीला पाठवायचं, औषध समोर घ्यायला लावायचं. २०१५चे नियम तर स्पष्टच आहेत. औषधाचं नाव, ते कशासाठी आहे, डोस, किती दिवस, कोणती काळजी, कोणते दुष्परिणाम, कसं साठवायचं, डोस चुकला तर काय करायचं हे रुग्णाला समजावून सांगणं फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. तुम्ही विचारलंत तर उपकार मागत नाही.

पिशवी उलटी करा

आता प्रत्यक्ष कामाकडे. एक नमुना घेऊ. सदुसष्ट वर्षांच्या एक आजी, वजन जरा जास्त, बीपी आणि मधुमेह जुना. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून त्या मेडिकलमध्ये आल्या आहेत असं समजा. फिजिशियनने दिलेली साखरेची गोळी: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. मुलाने मध्यंतरी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दिली सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी. हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघ्यासाठी एटोरिकॉक्सिब आणि कॅल्शियम. थायरॉइडची थायरॉक्सिन. आणि सर्दीसाठी शेजारणीने सुचवलेली गोळी.

जाणता फार्मासिस्ट स्ट्रिपांवरची मोठी ब्रँडची नावं बाजूला ठेवतो आणि खालच्या बारीक अक्षरातलं कंपोझिशन वाचतो. पहिली गोष्ट लगेच सापडते: मेटफॉर्मिन दोन्हीकडून पोटात जातंय. नावं वेगळी, रंग वेगळे, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. एकूण डोस किती होतो हे तो मोजतो आणि विचारतो, ‘क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं?’ मूत्रपिंड मंदावलं असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो, कधी बंदही करावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि गुडघ्यासाठीचं वेदनाशामक एटोरिकॉक्सिब ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झाल्यावर, पाणी कमी पडल्यावर तर अधिकच. शिवाय एटोरिकॉक्सिबने बीपी वाढतं. आजी म्हणतात, ‘बीपीची गोळी घेऊनसुद्धा बीपी खाली येत नाही.’ डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात असतील आणि कारण दुसऱ्याच चिठ्ठीत दडलेलं असेल. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन निघालं तर तेही बीपी वाढवणारंच.

तिसरी थायरॉक्सिनची. आजी ती सकाळी चहाबरोबर घेतात आणि कॅल्शियम न्याहारीनंतर लगेच. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं असतं आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं असतं. नाही तर ते नीट शोषलं जात नाही, टीएसएच चढत राहतो आणि डोस वाढत राहतो. इथे औषध बदलायची गरज नाही, घड्याळ बदललं की पुरतं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

चौथा प्रश्न कुठल्याच स्ट्रिपवर लिहिलेला नसतो: ‘उपवास कोणकोणते करता?’ ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढतं. संकष्टीला दिवसभर चहावर राहणारी किंवा एकादशीला निर्जळी करणारी बाई नेहमीसारखी सकाळची गोळी घेते आणि दुपारी घाम सुटून, हातपाय थरथरून खाली बसते. घरचे म्हणतात, उपवास झेपत नाही आता. रमझानच्या रोज्यांतही हेच होतं. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं लागतं, आणि तशी आठवण करून द्यायला फार्मासिस्टसारखा माणूस नाही. जाता जाता तो आणखी एक विचारेल: पायांना मुंग्या येतात का? वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं.

एवढं सापडल्यावर तो स्वतः एकही गोळी बंद करणार नाही. करूही नये. तो एका कागदावर दोन-तीन ओळी लिहून देईल किंवा तुमच्या समोर फिजिशियनना फोन लावेल. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवा. बऱ्याच डॉक्टरांना याचा राग येत नाही; चांगल्या डॉक्टरांना तर हायसं वाटतं.

ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्या आणि रुग्णालयातून घरी सोडल्यावर हमखास. डिस्चार्ज कार्डावरची नवी औषधं आणि घरातली जुनी औषधं दोन्ही चालू राहतात, हा घोळ फार घरांत होतो. संध्याकाळी सात ते नऊ कुठल्याही मेडिकलमध्ये गर्दी असते, तेव्हा हे काम नीट होत नाही. दुपारी जा. पिशवीत आयुर्वेदिक चूर्ण, काढे, प्रोटीन पावडर, डोळ्यांतले थेंब, दुखण्यावर लावायची मलमं सगळं घ्या. ‘ते काय औषध आहे का’ म्हणून घरी ठेवलेल्या ज्येष्ठमधानेसुद्धा, ते रोज आणि जास्त घेतलं तर, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. कुठून तरी आणलेली बिननावाची पुडी असेल तर ती आधी दाखवा. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं.

हातात घेऊन दाखवायच्या गोष्टी

काही औषधांत चूक गोळीत नसते, घेण्याच्या पद्धतीत असते. दम्याची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिलेत. तक्रार अशी की औषध लागू पडत नाही. पंपाचंही तसंच: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश श्वास आत घेत असतानाच दाबायचा आणि दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते. दुकानात उभं राहून फार्मासिस्टला म्हणा, ‘मी घेऊन दाखवतो, चुकतंय का सांगा.’ समजावून घेण्यापेक्षा करून दाखवण्यात चूक लवकर सापडते.

इन्शुलिनच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन साधारणपणे दर मिलिलिटरला ४० युनिट असतं आणि त्यासाठीच्या सिरिंजवर ४०चं माप असतं. पेनच्या काडतुसातलं मात्र १०० युनिटचं असतं. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं इन्शुलिन ४०च्या सिरिंजने ओढलं आणि नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं, तर अडीचपट डोस जातो. माणूस बेशुद्ध होऊ शकतो. सिरिंज विकत घेताना बाटली किंवा तिचा फोटो बरोबर न्या आणि ‘याला हीच सिरिंज ना?’ असं विचारूनच घ्या. न उघडलेलं इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं.

संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने ते रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी घसरतात, तोंड सोलवटतं आणि जीवही जाऊ शकतो. जागरूक फार्मासिस्ट ही स्ट्रिप देताना ‘कोणत्या वारी?’ असं विचारतो आणि पाकिटावर तो वार मोठ्या अक्षरात लिहून देतो. त्याने लिहिला नाही तर तुम्ही लिहायला सांगा.

लहान मुलांचं पॅरासिटॅमॉल तीन रूपांत मिळतं आणि तिन्हींची ताकद वेगळी. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि त्याच्या वरच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५०. डॉक्टरांनी दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर थेंबांचे दीड मिलिलिटर, १२५च्या सिरपचे सहा, २५०च्या सिरपचे तीन. ‘मागच्या वेळी पाच दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिलं तर पाचशे मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून बाळाचं वजन सांगा, बाटली समोर ठेवा आणि किती मिलिलिटर हे फार्मासिस्टकडून सिरिंजवर किंवा मापाच्या झाकणावर खूण करून घ्या. घरातला चमचा वापरू नका. अँटिबायोटिकची पावडर असलेली बाटली असेल तर उकळून थंड केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं भरायचं, फ्रिजमध्ये ठेवायची का आणि किती दिवसांनी टाकायची हेही विचारा.

खोकल्याच्या औषधाबद्दल जास्त सावध राहा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये बजावलं आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतली कित्येक मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. त्या औषधातही हेच मिश्रण होतं. बाटलीतलं विष फार्मासिस्टला डोळ्यांनी दिसत नाही. पण चार वर्षांखालच्या मुलासाठी असं मिश्रण मागणाऱ्याला तो थांबवू शकतो. आणि एखादी बॅच परत मागवली गेली तर ती तुमच्या घरी आहे का हे कळायला बिलावरचा बॅच नंबर उपयोगी पडतो. म्हणून चाळीस रुपयांच्या औषधाचंही बिल घ्या आणि बाटली संपेपर्यंत ठेवा.

तो ‘नाही’ म्हणाला तर

चांगला फार्मासिस्ट कधी कधी औषध द्यायला नकार देतो आणि लोक रागावून पुढच्या दुकानात जातात. त्याचं म्हणणं ऐकून घ्या. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन यादीत काही महत्त्वाची अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या आहेत. त्या दिल्या की डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. तुमचं नाव विचारलं तर ती चौकशी कायद्याने करायची असते.

खाजेची ट्यूब हा असाच विषय. गजकर्णावर स्टेरॉइडचं मिश्रण असलेली मलमं लावली की खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे आज येणारे कित्येक हट्टी गजकर्ण असेच तयार झालेले आहेत. ‘ही ट्यूब देत नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा’ असं सांगणाऱ्याचं दुकान सोडू नका.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल आणि औषध शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीतलं असेल तर सध्याच्या नियमांप्रमाणे फार्मासिस्टला स्वतःच्या मनाने दुसरा ब्रँड देता येत नाही, घटक तोच असला तरीही. स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहायला सांगा; मग जनऔषधी केंद्रातही चिठ्ठी चालते. तिथे औषध घेताना ताकद तीच आहे ना आणि गोळी सावकाश विरघळणारी असेल तर तीही तशीच आहे ना, एवढं फार्मासिस्टकडून तपासून घ्या. अशी सावकाश विरघळणारी गोळी तोडायची किंवा कुटायची नसते.

औषधं ऑनलाइन मागवत असाल तर काउंटरवरचं हे बोलणं होतच नाही. नवं औषध किमान पहिल्या वेळी तरी दुकानातून, फार्मासिस्टशी बोलून घ्यावं असं माझं मत आहे.

ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी

परदेशात हेच काम किती पुढे गेलंय हे पाहायचं तर इंग्लंडकडे बघावं. तिथे ३१ जानेवारी २०२४पासून फार्मसी फर्स्ट नावाची सेवा सुरू आहे. घसादुखी, सायनस, मुलांची कानदुखी, कीटकदंशाने झालेला संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग या सात तक्रारींसाठी फार्मासिस्ट ठरलेल्या निकषांप्रमाणे तपासून, गरज असली तर अँटिबायोटिकही देतो. डॉक्टरांची वेळ घ्यावी लागत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याचा वापर जरूर करावा. अमेरिकेत शिकणाऱ्यांना दुकानात उभं राहायलाही आता फार्म. डी. लागतं. भारतातून तिकडे फार्मासिस्ट म्हणून जायचं तर २००३मध्ये किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम झालेला असावा लागतो, त्यामुळे चार वर्षांच्या बी. फार्म.वर ती दारं उघडत नाहीत. प्रवेश घेण्याआधी हे माहीत हवं. चौथ्या वर्षी कळून उपयोग नाही.

फार्म. डी.चं महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहा. ते महाविद्यालयाशी खरोखर जोडलेलं आहे का, विद्यार्थी रोज वॉर्डात जातात का, तिथले डॉक्टर त्यांचं ऐकतात का, हे शेवटच्या वर्षातल्या मुलांना गाठून विचारा. आणि ज्यांचं स्वतःचं मेडिकल आहे अशा घरातल्या मुलामुलींनी हे शिक्षण घेऊन परत काउंटरवर यावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे. दुकानात एका बाजूला दोन खुर्च्या, एक बीपीचं यंत्र, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या औषधांची एक नोंद आणि दुपारचा राखून ठेवलेला दीड तास, एवढ्यावर सुरुवात होते. सल्ल्याचे शंभर रुपये घ्यायला लाजू नका. फुकट मिळालेला सल्ला लोक पाळत नाहीत, हे प्रत्येक डॉक्टर सांगेल.

शेवटी एक काम जे रुग्ण आणि फार्मासिस्ट दोघांनी मिळून करायचं आहे. एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठलं, चेहरा सुजला, चक्कर आली, किंवा काहीही अनपेक्षित झालं, तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण तिथे थांबू नका. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत देशभरातल्या दुष्परिणामांची नोंद होते. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो. फॉर्ममध्ये औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला आणि बॅच नंबर लागतो, म्हणून ती स्ट्रिप फेकू नका. ती घेऊन मेडिकलमध्ये जा आणि फार्मासिस्टला म्हणा, ‘हे आपण दोघं मिळून भरू.’ त्याच वेळी ज्या औषधाने त्रास झाला त्याच्या घटकाचं नाव त्याच्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर आधी ती दाखवा.